अतिथि, गिऱ्हाईक आणि माथेरान

माथेरानास जाऊन आलेल्या कोणाहि गृहस्थास तेथील हकीगत विचारावी. तो प्रथम हवेची स्तुति करील, मग गर्द झाडीची, मग लाल मातीच्या वाटांची, आणि अखेर चहाच्या किंमतीपाशीं येऊन थांबेल. "खालीं नेरळास जो चहा मिळतो तोच वर केवढ्या दामानें! ही लूट नव्हे तर काय?" असा त्याचा समारोप ठरलेला. हें गाऱ्हाणें मीं इतक्या वेळां ऐकलें होतें कीं, मार्गशीर्षांत मुलें, सुना व नातवंडें यांसह तेथें चार दिवस राहण्याचा योग आला तेव्हां प्रेक्षणीय स्थळांबरोबर तेथील खाणावळी व उपाहारगृहें यांकडेहि जरा बारकाईनें पाहावयाचें मीं मनांत धरिलें. तेथील सूर्यास्ताचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्यांत मी भर घालीत नाहीं. ज्या चुलीवर आपला चहा उकळतो त्या चुलीची ही हकीगत आहे.

माथेरान रायगड जिल्ह्यांत, कर्जत तालुक्यांत, एका डोंगराच्या सपाट माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें २६०० फूट उंचीवर वसलें आहे. १८५० सालीं ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं हवापालटासाठीं ही जागा हेरिली, आणि पुढें मुंबईच्या साहेबलोकांचे व धनिकांचे बंगले येथें उभे राहिले. १९०७ सालीं आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या द्रव्यानें व खटपटीनें नेरळपासून माथ्यापर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी छोटी आगगाडी सुरू झाली. मोटारीस मात्र गांवांत मज्जाव आहे. २००३ सालीं हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तेव्हांपासून या मज्जावास अधिकच बळकटी आली. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. प्रवाशानें पायीं जावें, घोड्यावर बसावें, अथवा अमन लॉज स्थानकावरून छोटी गाडी पकडावी.

प्रवाशाला या अंतराची मौज वाटते. खाणावळवाल्याच्या साऱ्या विवंचनेचें मूळ मात्र याच अंतरांत आहे. तांदूळ, पीठ, साखर, तेल, कांदे, बटाटे, दूध, गॅसची टाकी, सारा माल दस्तुरीवर उतरतो आणि तेथून घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर चढतो. प्रत्येक चढ-उताराला मजुरी पडते. टोमॅटो दबतात, अंडीं फुटतात, पावसांत साखरेला पाणी सुटतें. झाडें तोडण्यास मनाई असल्यामुळें लांकूडफाट्यावर भरंवसा ठेवितां येत नाहीं. टाकी संपली कीं चूल थांबली. शिवाय रिकामी टाकी, फुटकी कांच, प्लॅस्टिकचा कचरा हें सगळें पुन्हा त्याच वाटेनें खालीं न्यावयाचें. म्हणजे सामान चढवावयाचेंहि भाडें आणि त्याचे अवशेष उतरविण्याचेंहि भाडें! एवढी यातायात करून जी साखर वर येते, ती कपांत पडतांना आपली किंमत विसरून कशी पडेल?

बाजारपेठेच्या मागील अंगास एक घरगुती खाणावळ आहे. चार टेबलें, दाटीनें बसल्यास सोळा माणसें. चालविणाऱ्या बाई पन्नाशीच्या. धंदा सासूबाईंनीं सुरू केलेला, व या लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्याच चुलीशीं आहेत. आमचें दोन वेळचें जेवण तेथें होऊं लागलें. पिठलें, भाकरी, भात, आमटी आणि एक पालेभाजी, असा साधा पण स्वच्छ स्वयंपाक. दुसऱ्या दिवशीं मीं सहज विचारिलें, "बाई, शनिवार-रविवारीं तर आपल्याकडे गर्दी उसळत असेल?"

त्या हंसून म्हणाल्या, "शनिवारीं माणसें माझ्या दारांत उभीं असतात, गुरुजी, आणि मंगळवारीं मी दारांत उभी असतें."

मास्तरकीची संवय सुटत नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यापडल्या मीं मनाशीं ढोबळ हिशेब मांडला. वर्षाचे शनिवार-रविवार मिळून १०४. उन्हाळ्याची सुटी, दिवाळी आणि नाताळ यांतले इतर भरतीचे दिवस पंचेचाळीस धरले, तर बेरीज होते १४९. वर्षांतून ते वजा जातां उरतात २१६. या २१६ दिवसांत कधीं एक कुटुंब येतें, कधीं दोन, कधीं कोणीच नाहीं. दुकानाचें भाडें, दिव्याचें बिल, हाताखालच्या माणसाचा पगार हीं मात्र ३६५ दिवसांचीं. १४९ दिवसांच्या पोटांतून ३६५ दिवसांचें पोट भरावयाचें, हा तो त्रैराशिकाचा प्रश्न आहे; आणि चहाचा दर हें त्याचें उत्तर आहे.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आम्ही संस्कृतच्या वर्गांत सांगत असूं. गृहस्थाच्या घरीं असा अतिथि महिन्यांतून एखादा यावयाचा. यजमानीणबाई डाळींत एक भांडें पाणी वाढवून वेळ साजरी करीत. खाणावळवाल्याचा प्रत्येक गिऱ्हाईक हा या अर्थानें अतिथिच. सकाळीं सात वाजतां डाळ किती शिजत घालावी, कणीक किती भिजवावी, याचा निर्णय ज्याचें तोंडहि पाहिलें नाहीं अशा माणसाच्या भुकेवरून करावयाचा. मुंबईच्या उपाहारगृहांत कांदा संपला तर पोऱ्या कोपऱ्यावरून घेऊन येतो. येथें जें कमी पडलें तें त्या दिवसापुरतें कमीच पडलें, आणि जें उरलें तें घरच्यांच्या पानांत. "तीन दिवस शिळी भाकरी खाल्ली कीं समजावें, आठवडा मंदा गेला," असें बाई म्हणाल्या, व त्यांत तक्रारीचा सूर नव्हता.

मग हे सारे प्रवासी जेवतात कोठें, असा प्रश्न वाचकांस पडेल. येथील पुष्कळ मोठ्या हॉटेलांत राहण्याच्या दरांतच चहा, न्याहारी व दोन्ही वेळचें जेवण धरलेलें असतें. गुजराती व जैन कुटुंबें पुष्कळ येतात. त्यांच्यासाठीं कांदा-लसूण वर्ज्य असा वेगळा स्वयंपाक तेथें होतो. ज्यानें जेवणाचे पैसे आगाऊ भरले तो बाहेर कशाला जेवील? लहान खाणावळीच्या वांट्यास येतात ते सकाळीं येऊन सायंकाळीं परतणारे. आणि त्यांतल्याहि अर्ध्यांच्या पिशवींत घरचे डबे असतात. त्या डब्यांचा समाचार वानरें आधीं घेतात हा भाग वेगळा. आमच्या धाकट्या नातवाच्या हातचा बेसनाचा लाडू एका वानरानें इतक्या सफाईनें उचलला कीं, मुलाला रडावें कीं हंसावें हें कळेना. पण दुकानदाराला हा विनोद परवडत नाहीं. उघड्यावर मांडलेली टोपली क्षणभर नजरेआड झाली कीं नफा झाडावर जातो.

पाऊस हा येथील दुसरा धनी. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळहून वर येणारी गाडी बंद असते. अमन लॉज व माथेरान यांमधील फेऱ्या तेवढ्या चालूं असतात. पूर्वीं पावसाळ्यांत बहुतेक हॉटेलांना कुलूपें लागत. अलीकडे धुकें पाहण्यास तरुण मंडळी रविवारीं येतात, चिंब भिजतात, कणीस आणि चहा घेतात व परततात. पंक्तीचें जेवण त्यांना नको असतें. भिंतींना बुरशी, पिठाला ओल, आणि दिवे केव्हां जातील याचा नेम नाहीं. उन्हाळ्यांत याच्या उलट. ज्या डोंगरावर एवढा पाऊस कोसळतो तेथेंच मे महिन्यांत पाण्याची काळजी, कारण पडलेलें पाणी उतारावरून निघून जातें. शार्लट तलाव व खालून पंपांनीं चढविलेलें पाणी यांवर गांवाची भिस्त. आणि गिऱ्हाईक तर मे महिन्यांतच अधिक.

याशिवाय दैवाचे फेरे निराळेच. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें रूळ वाहून गेले, ते २००७ मध्यें पूर्ववत् झाले. २०१६ सालीं डबे घसरल्यामुळें गाडी थांबली. ती सुरळीत होते न होते तोंच २०१९ च्या पावसानें मार्ग पुन्हा तुटला आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरांत परत धावूं लागली. मधल्या काळांत, २०२० सालीं, टाळेबंदीनें कित्येक महिने गांवांत प्रवासीच नव्हता. २०२५ च्या मार्चमध्यें, दस्तुरीवर प्रवाशांची दिशाभूल केली जाते या तक्रारीवरून खुद्द गांवकऱ्यांनींच बंद पुकारला. ज्या गांवाची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत साडेचार हजारांच्या आंत होती, तेथें प्रवासी न येणें म्हणजे चूल न पेटणें.

मद्याचा विषय या मासिकांत कोणास रुचणार नाहीं, मलाहि रुचत नाहीं. पण हकीगत पुरी सांगावयाची तर परमिट रूमवाल्यासहि वगळतां येत नाहीं. परवान्याचें शुल्क वर्षाचें भरावयाचें, गिऱ्हाईक मात्र हंगामाचें. पावसाळा सरून सुटी लागते तोंच गांधीजयंतीचा कोरडा दिवस येतो, निवडणुकीचे निराळे. हे दिवस पाळले जावेत हेंच योग्य. परंतु धंदा कोणताहि असो, वर्षाचा भार थोड्या दिवसांच्या खांद्यावर देणें ही अडचण साऱ्यांचीच.

आतां ज्या गोष्टीनें माझ्या मनाला खरोखर विचारांत पाडलें ती सांगतों. माणसानें माणसाला ओढून नेण्याच्या रिक्षा येथें पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. २०२२ च्या डिसेंबरांत विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल आल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें, हातरिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद करून ओढणाऱ्यांचें विजेच्या रिक्षांवर पुनर्वसन करावें, असा निर्णय दिला. माणसाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीनें हा निर्णय स्तुत्य आहे. मीं बाईंना म्हटलें, "आतां पुढेंमागें मालहि या गाड्यांनीं येऊं लागेल. आपला खर्च उतरेल."

त्या क्षणभर बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "उतरेल, गुरुजी. पण माझी साखर जो घोडेवाला वर आणतो, तोच मंगळवारीं माझा चहा पितो. प्रवासी नसतो त्या दिवशीं तेच लोक माझें गिऱ्हाईक. त्यांचा धंदा बसला तर माझी चूल आठवड्यांतून दोनच दिवस पेटायची."

इतकीं वर्षें शिकवून जें मला सुचलें नव्हतें तें या बाईंनीं चार वाक्यांत सांगितलें. लहान गांवांतील उपाहारगृह प्रवाशाच्या पैशानें वाढतें खरें, पण टिकतें तें गांवच्याच माणसांच्या चहावर. हमाल, घोडेवाले, दुकानदार, पोस्टमन, शाळेंतले शिक्षक हे एकमेकांच्या ओट्यावर बसतात आणि दोन हंगामांमधील दरी अशा रीतीनें ओलांडली जाते. वाहनें यावींत, ओझें माणसाच्या व जनावराच्या पाठीवरून उतरावें. पण ज्याच्या पाठीवरून तें उतरेल त्याच्या हाताला दुसरें काम मिळण्याची व्यवस्थाहि त्याच दिवशीं झाली पाहिजे. नाहीं तर साखर स्वस्त होईल आणि चहा पिणारा उरणार नाहीं. बाईंचा मुलगा पनवेलीस नोकरीला आहे. तो परत येऊन ही खाणावळ सांभाळील कीं नाहीं, हें बऱ्याच अंशीं यावर अवलंबून राहील.

आपण सुशिक्षित कुटुंबवत्सल मंडळींनीं काय करावें? उपाय लहान आहेत, पण आपल्या हातचे आहेत. ज्यांना नोकरीचा पाश उरला नाहीं अशा वडीलधाऱ्यांनीं माथेरानास मधल्या वारीं जावें; हवा तीच, गर्दी नाहीं. हॉटेलांत जेवणाचे पैसे भरले असले तरी एक वेळचें पान गांवांतल्या खाणावळींत घ्यावें. दहा माणसांनीं दहा पदार्थ न मागतां जें शिजलें असेल तें समाधानानें खावें, डब्याचा कचरा आपल्याच पिशवींत परत आणावा, आणि चहाच्या दरावरून घासाघीस करूं नये. मुख्य म्हणजे, सकाळीं फिरावयास निघतांनाच खाणावळींत सांगून जावें कीं, दुपारीं इतकीं पानें आमचीं. अतिथीनें आपली तिथि आगाऊ कळविली तर व्याकरणाचें थोडें नुकसान होईल खरें. पण एका घरांत त्या रात्रीं शिळी भाकरी खावी लागणार नाहीं.