गेम सुटल्यानंतरचा तास

बोस्टनला नोकरीसाठी आलेल्या देसी इंजिनिअरला पहिल्या उन्हाळ्यात ऑफिसातलं कुणीतरी फेनवे पार्कवर नेतंच. पहिल्या तीन इनिंग नियम समजून घेण्यात जातात, पुढच्या तीन 'आपलं क्रिकेटच बरं' म्हणण्यात आणि शेवटच्या तीन भूक सहन करण्यात. आता माझ्याकडे कुणी पाहुणा आला की मी बेसबॉलचे नियम फारसे सांगत बसत नाही. गेम सुटल्यावर काय करायचं, ते सांगतो.

त्यासाठी आधी जागा समजून घ्यायला हवी. तुम्ही पुण्याचे असाल तर गहुंजेचं स्टेडियम आठवा. मॅच संपली की समोर हायवे, डोक्यात पार्किंग आणि पोटात कावळे. फेनवे याच्या अगदी उलट आहे. १९१२ साली उघडलेलं हे मैदान भर शहरात, गल्ल्यांमध्ये कोंबून बसवलंय. डावीकडची हिरवी भिंत ३७ फूट उंच आहे आणि तिच्या मागे लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट सुरू होतो. गेम सुटला की हाउसफुल्ल मैदानातली सदतीसेक हजार माणसं याच गल्ल्यांमध्ये उतरतात, आणि त्यातली बरीचशी केनमोर स्टेशनच्या एकाच जिन्याकडे निघतात. सर्व्हरवर एकदम लोड आला की काय होतं, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. उपाय एकच, रिक्वेस्ट थोडी उशिरा पाठवायची. पाऊणेक तास कुठेतरी खात थांबलात तर ग्रीन लाइनच्या डब्यात निदान उभं राहायला जागा मिळते.

मग थांबायचं कुठे?

घाई असेल तर लॅन्सडाउन स्ट्रीटवरच्या सॉसेजच्या गाड्या. तव्यावर कांदा आणि ढोबळी मिरची परतल्याचा वास कोपऱ्यावरूनच येतो. लांब पावात सॉसेज, वर तो कांदा-मिरचीचा ढीग आणि मोहरीचा सॉस. खायचं उभ्यानेच, थोडं पुढे वाकून, नाहीतर शर्टाची वाट लागते. शाकाहारी असाल तर सॉसेज वगळून मागा. गाडीवाला एकदा बघेल, पण देईल.

गोंगाट हवा असेल तर कोपऱ्यावरचं 'कास्क एन फ्लॅगन'. १९६९पासूनचा हा बार आहे. घरची टीम जिंकली असेल त्या रात्री इथे अनोळखी माणूसही खांद्यावर हात टाकून सातव्या इनिंगचं विश्लेषण ऐकवतो. स्वस्त बिअरची वेळ विचारू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये हॅपी अवरला १९८४पासून बंदी आहे. आणि खिशात पासपोर्ट ठेवा. भारतीय लायसन्स दाखवून वय पटवण्याच्या भानगडीत पडू नका.

नीट बसून पोटभर जेवायचं असेल तर गर्दीच्या उलट दिशेने चालत पीटरबरो स्ट्रीटला जा. तिथे छोट्या हॉटेलांची रांग आहे. 'एल पेलोन'मधला भात-राजम्याचा बरिटो हा घरच्या जेवणाच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार. फक्त किचन कधी बंद होतं, ते आधी बघून ठेवा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेसबॉल हा घड्याळ नसलेला खेळ होता. बॅटर आउट होत नाहीत तोवर इनिंग संपत नाही, आणि पिचरने बॉल कधी टाकायचा ते पिचरच ठरवायचा. २०२३ साली पिच क्लॉक आलं. बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत बॉल टाकायलाच हवा. सरासरी नऊ इनिंगचा गेम आधी तीन तासांच्या थोडा वर जायचा, तो त्या वर्षी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. जुने प्रेक्षक कुरकुरले. पण संध्याकाळी सातला सुरू झालेला गेम आता दहाच्या आत सुटतो. घड्याळाने खेळातून काढून घेतलेली वीस-पंचवीस मिनिटं आमच्या जेवणाला मिळाली.

राहिली माझी सगळ्यात आवडती जागा, 'ब्लीचर बार'. हा बार प्रेक्षकांच्या बाकांखाली, मैदानाच्या पोटात आहे. आत जायला तिकीट लागत नाही आणि एक मोठी खिडकी थेट सेंटर फील्डमध्ये उघडते. गेमच्या वेळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. गेमनंतर हळूहळू माणसं पांगतात आणि खिडकीतून रिकामं मैदान दिसतं. कर्मचारी माती सपाट करतात, पाणी मारतात, उद्याची तयारी करतात.

गेल्या सप्टेंबरात मी तिथे माझ्या एका मित्राबरोबर होतो. सोमवारी सकाळी त्याला कंपनीचा मेल आला होता. एच-वन-बीवर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. गुरुवारची तिकिटं आधीच काढलेली होती, म्हणून आलो. तीन दिवस आम्ही दोघं फक्त रेझ्युमे आणि रेफरलबद्दल बोलत होतो. गाडीवर त्याने सॉसेजशिवायचा कांदा-मिरचीचा पाव खाल्ला, अक्षरही न बोलता. मग आम्ही या खिडकीशी येऊन उभे राहिलो. बऱ्याच वेळाने तो मैदानाकडे बघतच म्हणाला, "घरी अजून सांगितलं नाहीये रे. बाबांना कसं सांगू?"

मी काही शहाणपणाचं बोललो नाही. एवढंच म्हणालो, "सांगताना मी बसतो शेजारी." दुसऱ्या दिवशी भारतातली सकाळ बघून आम्ही फोन लावला. बाबा आधी गप्प झाले, मग म्हणाले, "ये की मग. घर आहेच." तो पन्नासाव्या दिवशी परत गेला.

तेव्हापासून मला वाटतं, अशी बोलणी टेबलावर समोरासमोर बसून होत नाहीत. समोरचा डोळ्यांत बघत असतो आणि आपण 'मी ठीक आहे' म्हणून मोकळे होतो. दोघांनी एकाच दिशेला, तिसऱ्याच कशाकडे तरी बघत उभं राहिलं की तोंडातून शब्द निघतात. आपल्याकडे त्यासाठी चहाची टपरी आहे, कठडा आहे, बाईक आहे. इथे मला ही खिडकी सापडली.

म्हणून पाहुण्याने विचारलं तर माझं उत्तर माणसागणिक बदलतं. पहिल्यांदाच आलेल्याला सॉसेजची गाडी. टीम जिंकलेली असेल आणि चारपाच जण असतील तर कास्क एन फ्लॅगन. आई-बाबा आले असतील तर पीटरबरो स्ट्रीट, कारण त्यांना बसायला खुर्ची हवी. आणि सोबतचा माणूस नवव्या इनिंगपर्यंत फारसा बोललाच नसेल, तर ब्लीचर बार. खिडकीजवळची जागा मिळेपर्यंत थांबा. काही विचारू नका.