‘आन्सर’ म्हणजे नुसते उत्तर नव्हे

परवा आमची धाकटी मुलगी इंग्रजीचा अभ्यास करता करता एकदम हसू लागली. धड्यात ‘आन्सर द डोअर’ असे आले होते. “पप्पा, दाराने काय विचारले म्हणून त्याला उत्तर द्यायचे?”

आम्हीही हसलो. शाळेत आम्ही ‘आन्सर म्हणजे उत्तर देणे’ एवढेच पाठ केले होते. पण कोणी कडी वाजवली की उठून दार उघडणे, हेही आन्सर. फोन वाजला की उचलणे, हेही आन्सर. एखादा माणूस दिलेल्या वर्णनाशी जुळला, तर तो वर्णनाला आन्सर करतो. म्हणजे तोंडाने बोललेच पाहिजे असे नाही. हाकेला साजेशी कृती झाली की झाले.

अर्ज लिहिणाऱ्या आमच्या तरुणांनी एक ध्यानात ठेवावे. ‘रिप्लाय’ हे क्रियापद वापरून पत्राला उत्तर द्यायचे तर पुढे ‘टू’ लागते. ‘आन्सर’ क्रियापद असेल तर पत्राआधी ‘टू’ लागत नाही. माणसाआधी ‘आन्सर टू’ आले, तर अर्थ होतो त्याच्या हाताखाली असणे, त्याला जाब देणे. आणि ‘आन्सर फॉर’ म्हणजे केल्या कामाचा जाब आपण देणे.

राहिले ‘आन्सर बॅक’. त्याचा अर्थ आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीत नवीन होतो. एका बिलाच्या बेरजेत चूक निघाली. साहेबांनी विचारले, “ही कोणाची?” आम्ही कागद पुढे करून सांगितले, बेरीज आमच्याकडे तशीच आली. साहेब ओरडले, “डोंट आन्सर बॅक!” प्रश्न त्यांचाच, आणि उत्तर दिले तर ते उलट उत्तर! संध्याकाळी हातात मेमो पडला.

त्या रात्री घास गिळेना. आईला अक्षरओळख नव्हती. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, “बाळा, तोंडचं त्यांना उलट वाटलं ना? मग कागदावर दे. कागद ओरडत नाही.” दुसऱ्या दिवशी आम्ही तारखांसह लेखी खुलासा दिला व पोच घेतली. पुढे तो मेमो मागे घेतला गेला.

पुष्कळ वर्षांनी शब्दकोशात या शब्दाचे मूळ सापडले. जुन्या इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होते. पहिल्याचा अर्थ ‘विरुद्ध’, दुसऱ्याचा संबंध शपथेशी. म्हणजे आरोपाविरुद्ध शपथेवर केलेले कथन, तेच मुळातले आन्सर! साहेबांना जे उलट वाटले, तोच या शब्दाचा पहिला अर्थ होता. आपला ‘जबाब’ही असाच. त्यातूनच ‘जबाबदार’ झाला, जसा ‘आन्सर’मधून ‘आन्सरेबल’.

जबाबदार फक्त खालचा नसतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कचेरीलाही साधारणपणे ३० दिवसांत अर्जाला उत्तर देण्याचे बंधन घातले आहे. म्हणून बंधुभगिनींनो, अर्जाची पोच जपून ठेवा. आणि घरात पोराने सरळ कारण सांगितले, तर “उलट बोलू नकोस” म्हणून त्याला गप्प करू नका. आधी त्याचे ऐकून घ्या. आज घरात ज्याचे ऐकले जाईल, तोच उद्या कचेरीत मान वर करून बोलेल.