समुद्रावरचं कुटार

एप्रिलात आमच्या देवळीकडचं शिवार उघडं पडलेलं असतं. पऱ्हाटी उपटलेली, तूर घरात आलेली, बांधाकडेला कुटाराचा ढीग. अशा रिकाम्या दिवसांत मी वर्ध्याहून गाडीत बसलो. मुंबईला गाडी बदलून कोकण रेल्वेनं कुडाळ, तिथून एसटीनं मालवण. नाशिकपर्यंतचा प्रवास फक्त उकाडा म्हणून आठवतो.

पहाटे होडीतून निघालो. सिंधुदुर्ग किल्ला मागे पडला. वारा ठप्प, पाणी तेलासारखं. ऊन चढलं तसे लांबच लांब पिवळट-तपकिरी पट्टे दिसू लागले. वाटलं, कुणी तरी तुरीचं कुटार उधळलंय.

"वारो पडलो काय ह्या येता," तांडेल म्हणाला.

ओंजळीत घेतलं तर दोन-तीन मिलिमीटरच्या काड्या. एकेक काडी म्हणजे तंतूंची जुडी. नाव ट्रायकोडेस्मियम, समुद्रातला एक सूक्ष्म जीव. जुने खलाशी याला समुद्राचा भुसा म्हणत. 1770 मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरच्यांनीही तो पाहिला होता. ज्याच्या घरी जे, तेच त्याला दिसतं. सुतारकाम जाणणाऱ्यांना भुसा, मला कुटार.

तशी माझी उपमा अगदीच वाया गेली नाही. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जे करतो, तेच हे करतं: हवेतला नत्र बांधून ठेवतं. गाठीला निदान तुरीचा आसरा असतो, इथं तोही नाही. शिवाय नत्र बांधणाऱ्या विकराला ऑक्सिजन सोसत नाही, आणि हे तर भरउन्हात ऑक्सिजन सोडता सोडताच ते काम उरकतं.

हंगाम ठरलेला. गोव्यात दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या देवसी, भट्टतिरी आणि कासिम यांनी 1978 मध्ये गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या अशा बहरांवर लिहिलं. फेब्रुवारी ते मे पाणी तापतं, संथ होतं, वरच्या थरातला नायट्रेट संपतो. इतरांची उपासमार सुरू झाली की याचे दिवस येतात. लोह आणि स्फुरद मात्र त्यालाही लागतंच; सुपर फॉस्फेटवाचून आमची तूर तरी कुठे भरते! पुढं पावसाळी वारे समुद्र ढवळतात, खालचा नायट्रेट वर येतो, डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं माजतात. आयतं खत मिळालं की नत्र बांधायची गरज कुणाला? युरिया जास्त पडला की सोयाबीनही गाठी कमी धरतं.

मधल्या काळात ट्रायकोडेस्मियम मरतं, सडतं, आणि सुटलेल्या नत्रावर दुसरं काही तरी वाढतं. शेतकऱ्याला याचं नवल सांगायला नको. बेवड म्हणतात त्याला.

बाटलीत भरून आणलेलं पाणी दुसऱ्या दिवशी गुलाबी झालं आणि खोलीभर वास सुटला. संध्याकाळी दादाचा फोन आला, "काय पाह्यलं मंग तिथं?"

"कुटार."

"कुटार पाहाले इतक्या दूर गेला होता का बे?"