डाव्या हाताला कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत समारंभात एका सरांनी मला विचारलं होतं, "घरी कुणाला संगीताची आवड?" मी पटकन म्हणालो, "नाही सर." माझे बाबा गावच्या भजनी मंडळात वीस वर्षं मृदुंग वाजवतात!

खोटं का बोललो? रेवदंड्याकडून पहाटेची एस.टी. धरून अलिबागला येणारा, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. टाळ, मृदुंग, भजन हे सारं गावच्या देवळात ठेवूनच इथं यावं, असं मनानं घेतलं होतं. अकरावीपासून मी टाळ हाती धरला नव्हता.

यंदा पावसाळ्यात कॅन्टीनमध्ये मित्रानं मोबाईलवर गाणं लावलं. 'अभंग रिपोस्ट' या मुंबईच्या तरुण बँडचं. "नवं सिंगल आहे," तो ऐटीत म्हणाला. सिंगल म्हणजे सुटं काढलेलं एकच गाणं. १९४९ साली अमेरिकेत मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी आली आणि अशा गाण्यांना बहर आला. आता तबकडीऐवजी फोन आहे, एवढंच.

गिटार कडाडली, ड्रम घुमले, आणि त्यावर चक्क तुकोबांचा अभंग! मित्र माना डोलावत होते. माझ्या ओठांवर मात्र पुढचं चरण आधीच येत होतं. "तुला कसं रे पाठ?" एका मैत्रिणीनं विचारलं. मी चहाचा पेला तोंडाला लावला.

मग कुतूहलानं वाचत गेलो. 'ऑल्टरनेटिव्ह रॉक'ला अमेरिकेत आधी 'कॉलेज रॉक' म्हणत, कारण ही गाणी कॉलेजांची रेडिओ केंद्रं वाजवीत. 'आर. ई. एम.' हा बँड जॉर्जियातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० साली जमला. १९८१ साली त्यांचं पहिलं सिंगल आलं. आपल्या मुंबईत 'रॉक मशीन' १९८४ साली निघाला, पण तो गाई इंग्रजीत. म्हणजे ज्याला मी बड्या लोकांचं संगीत समजत होतो, ते आमच्यासारख्या पोरांनीच उभं केलेलं. आणि आता ते अभंगापाशी येऊन पोचलं होतं!

सप्ताहाच्या आदल्या रात्री बाबा मृदुंगासाठी कणीक मळत बसले होते. डाव्या तोंडाला कणीक थापली की आवाज खाली उतरतो, घुमू लागतो. मी धीर करून गाणं लावलं. कणकेचा हात तसाच ठेवून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"शबुद तर आपलंच हाय," ते म्हणाले. "पन डाव्या हाताला कोन हाय?"

मी चकित झालो. इतक्या गोंगाटात त्यांनी बेस गिटार नेमकी हेरली होती! मी समजावून सांगितलं.

"बरा वाजवतो. त्याला कनीक लागत नसंल," बाबा हसले. मग खाली बघत म्हणाले, "उद्या टाळाला मानूस कमी हाय."

मला भरून आलं, आणि लाजही वाटली. स्वतःच्या बापाची कला मानायला मला गिटारची शिफारस लागली! मित्रांनी माना डोलावल्या नसत्या, तर मी ते गाणं बाबांना ऐकवलं असतं का?

दुसऱ्या रात्री मी टाळ घेतला. दोनदा लय चुकलो. बाबांनी न बघता डाव्या हातानं मला सावरून घेतलं.

सर, गेल्या वर्षीचं उत्तर दुरुस्त करतो. आमच्या घरी संगीत आहे.