निर्यातीचा माल

निर्यात म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे हापूसच्या पेट्या उभ्या राहतात. माल इथून निघतो, परदेशी जातो आणि आपण इकडे पायरीवर समाधान मानतो. माझं अर्थशास्त्र एवढंच. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या निर्यातींत लोखंडाचं खनिज आणि कोळसा यांच्या पंगतीला शिक्षणही बसतं, हे वाचून मी आधी चष्मा पुसला.

पुढे आमच्या चिरंजिवांना मेलबर्नच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि ही निर्यात कशी चालते ते घरबसल्या कळलं. घरबसल्या म्हणजे, ते घर बँकेकडे गहाण ठेवून.

या धंद्याची खुबी अशी, की माल जागचा हलत नाही. गिऱ्हाईकच तिकीट काढून मालाकडे जातं. त्याआधी इंग्रजी येतं की नाही याची परीक्षा. तिचे पैसे निराळे. मग व्हिसा. विद्यार्थ्याच्या अर्जाची फी २०२४ च्या जुलैत ७१० डॉलरवरून १६०० झाली आणि पुढच्या जुलैत २०००. अर्ज नामंजूर झाला तरी फी त्यांचीच. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानाची पायरी चढायचे पैसे मागितले असते, तर आळीने त्याला जगू दिलं असतं का?

पूर्वी असं नव्हतं हो! १९५१ साली कोलंबो योजना सुरू झाली, तेव्हा आशियातल्या मुलांना शिष्यवृत्ती देऊन तिकडे नेत असत. १९८५ च्या सुमारास धोरण बदललं आणि पूर्ण फी भरणाऱ्यांना दार उघडलं. काल पंगतीला बसवलेला पाहुणा आज खाणावळीचा मेंबर झाला.

पण खरी गंमत त्यांच्या हिशेबात आहे. निर्यातीच्या आकड्यात ते नुसती फी धरत नाहीत. विद्यार्थ्याचं घरभाडं, खाणंपिणं, ट्रामचं भाडं, सगळं धरतात. म्हणजे चिरंजिवांनी मेलबर्नच्या बाजारात अर्धा किलो कांदे घेतले, की ऑस्ट्रेलियाची निर्यात अर्धा किलो कांद्यांनी वाढते!

हे मी हिला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं.

"मोजू देत," ही म्हणाली. "पोटभर खातोय ना, तेवढं विचारा."

परवा दुपारी अडीचला फोन वाजला. तिकडे संध्याकाळ झालेली.

"आई, डाळ शिजतच नाहीये गं."

"चिंच आधीच घातलीस ना? अरे, डाळ मऊ झाल्याशिवाय आंबट घालायचं नसतं. आता नवी डाळ लाव. गूळ सुपारीएवढा. आणि फोडणीत मोहरी तडतडू दे, घाई नको."

तब्बल पाऊण तास वर्ग चालला. मास्तरीण इथे, विद्यार्थी तिथे. व्हिसा नाही, फी नाही. ही शिक्षणाची निर्यात आपल्या देशाच्या कुठल्याच तक्त्यात येत नसणार.

"जमली!" असा तिकडून आवाज आला आणि फोन बंद झाला. ही मात्र ओट्याशी तशीच उभी राहिली. दोन माणसांचा स्वयंपाक करायची सवय तिला अजून झालेली नाही. हात तिघांचीच डाळ घेतो.

रात्री पातेल्यात वाटीभर आमटी उरली होती. विमानतळावर ट्रॉली ढकलत आत जाणारी त्याची पाठ मला आठवली.

हापूस आपण निवडून पाठवतो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं.