सरकता सरकेना!

फ्लॅट बघायला गेलं की आपण काय काय विचारतो? स्टेशन चालत किती मिनिटं, पाणी किती तास, मेंटेनन्स किती, पार्किंगचं काय. मग खिडकीपाशी उभं राहून ‘व्ह्यू मस्त आहे हं’ म्हणतो. पण ती खिडकी नेमकी कशावर सरकते, हे विचारणारा महाभाग मला तरी अजून भेटलेला नाही.

भाईंदर पश्चिमेला सातव्या मजल्यावर आमचा वन बीएचके. खाडीचा वारा हा इथला यूएसपी, आणि तो खरंच येतो. फक्त खारट येतो. ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलं, तिथली हवा लोखंडाला काय सोडणार? ग्रिल, कुलूप, सायकलची चेन, सगळ्यांवर तांबूस भुकटी. खिडक्यांचंही तेच झालेलं, पण आतून.

एका रविवारी फोडणीचा धूर घरभर झाला आणि आई पदर तोंडाशी धरून खोकत उभी. ‘अगं, खिडकी उघड ना!’ तर म्हणते, ‘राहू दे गं, मनगट दुखतं.’ म्हणजे कित्येक दिवस बाईसाहेब बंद खिडकीपाशी स्वयंपाक करत होत्या! मी सकाळची लोकल पकडणार, रात्री नऊला उगवणार. आणि आया अशा गोष्टी आपणहून सांगत नसतात. मी दोन्ही हातांनी जोर लावला. कर्रर्र करत खिडकी चार इंच हलली.

पहिला कारागीर आला तो निदान घेऊनच. ‘मॅडम, पूरा विंडो बदलना पडेगा.’ आकडा ऐकला, चहा पाजला आणि निरोप दिला. दुसरे मिस्त्रीकाका आले, त्यांनी शटर वर उचललं, खालची बाजू अलगद आत ओढून बाहेर काढलं आणि उलटं करून दाखवलं. खालच्या पट्टीत दोन टोकांना दोन रोलर. प्रत्येकात एक इवलंसं चाक, तेही गंजून जाम. आमची खिडकी सरकत नव्हतीच, नुसती फरपटत होती.

आता जरा वजनाचा हिशेब. पाच मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे चौरस फुटाला सव्वा किलोला थोडं कमी. आमचं दोन बाय चारचं किचनचं शटर काचेचंच नऊ किलो भरतं. हॉलच्या फ्रेंच विंडोचं तीन बाय सातचं घ्या, तर चोवीस किलो. वर अ‍ॅल्युमिनियम वेगळं. हे सगळं ओझं दोन चाकांवर! इंग्लंडमधल्या जुन्या घरांत वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या असतात. तिथे चौकटीच्या पोकळीत दोरीला लोखंडी वजनं टांगलेली, तावदान तोलून धरायला. नंतर वजनांच्या जागी स्प्रिंग आल्या. त्या बदलतानाही पहिला प्रश्न हाच, तावदान किती किलोचं? (आपल्या स्लीपर कोचची खिडकीही वर-खाली सरकते, पण तोलायला काहीच नाही. खटका सुटला की थेट बोटांवर.)

तर दुकानात ‘एक विंडो बेअरिंग द्या’ एवढंच म्हणू नका. जुना रोलर खिशात घालून न्या. त्याच्या खोक्याची रुंदी, उंची, चाकाचा व्यास आणि मुख्य म्हणजे चाकाची खाच, सगळं जुळायला हवं. ट्रॅकवर जी उभी रेघ असते, तिच्यावर ती खाच बसते. ‘सब सेम ही आता है’ हे वाक्य काउंटरवर ऐकाल, दुर्लक्ष करा. खाच जुळली नाही तर शटर डुगडुगतं, एखाद्या वादळी रात्री ट्रॅकवरून उतरूही शकतं. सातव्या मजल्यावर हा विषय गमतीचा नाही.

धातूचं म्हणाल, तर मी नायलॉनचं चाक आणि आत स्टेनलेस स्टीलचं बेअरिंग असलेलं घेतलं. साधं स्टील आमच्या हवेत टिकत नाही, आणि कडक चाक मऊ अ‍ॅल्युमिनियमची रेघच झिजवतं. पण नायलॉनचंही एक आहे. जड शटर महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं, तर चाक चपटं पडू शकतं. म्हणून फ्रेंच विंडोला दोन-दोन चाकांचे रोलर घेतले, ओझं वाटलं जातं. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचेच हवेत. बदलायचे तर दोन्ही टोकांचे एकदम. एक नवा, एक जुना म्हणजे शटर तिरकं. रेघच झिजून करवतीसारखी झाली असेल, तर मात्र रोलरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, आधी ट्रॅकचं बघा.

आणि हो, शटर काढायचं काम एकट्याने करू नका. बाहेर ग्रिल नसेल तर मुळीच नको.

बसवल्यावर काकांनी बाजूच्या भोकातून स्क्रू फिरवून शटर अर्धा सूत उचललं, तेव्हा लॉक बरोबर जागेवर आलं. आईने एका बोटाने ढकलून बघितलं. मग परत बंद केलं, परत ढकललं. त्या संध्याकाळी तिने मुद्दाम सुक्या मिरच्यांचा ठेचा केला, तोही खिडकी सताड उघडी टाकून.

तेल घालायचा मोह टाळा, धूळ चिकटून लगदा होतो. ट्रॅक ब्रशने झाडायचा आणि वाटलंच तर सिलिकॉन स्प्रेचा एक फवारा. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती रंगकामात हमखास बुजतात. काडी घालून मोकळी करा, नाहीतर पावसाचं पाणी साचून नवी बेअरिंगही त्यातच आंघोळ करतील. हे सगळं मे महिन्यातच उरका. जूनमध्ये मिस्त्रीकाका फोन उचलत नाहीत.