ब्रेकलंडच्या माळावर

इंग्लंडच्या पूर्व भागांत, नॉर्फक आणि सफक या दोन परगण्यांच्या सीमेवर, ब्रेकलंड नांवाचा रेताड प्रदेश पसरला आहे. धान्याला फारशी न मानवणारी ही निकस भूमि सशांना मात्र चांगलीच मानवली. थेटफर्ड गांवाजवळच्या अरण्यांत गारगोटीच्या दगडांची, जाड भिंतींची एक दुमजली गढी आहे. इ. स. १४०० च्या सुमारास तेथील मठाधिपतींनीं ती बांधविली, ती कोणा सरदारासाठीं नव्हे, तर सशांच्या राखणदारासाठीं! नॉर्मन लोकांनीं युरोप खंडांतून आणलेले हे ससे मांसासाठीं व कातड्यासाठीं इतके मोलाचे होते, कीं चोरांपासून त्यांचें रक्षण करण्यास गढी लागे. पुढें तेच ससे मोकाट वाढले आणि शेतकऱ्यांचे वैरी ठरले.

वाचकांनीं येथें आपला रानससा डोळ्यांपुढें आणूं नये. आपला ससा बीळ खणीत नाहीं. झुडपाच्या आडोशाला उघड्यावरच बसतो. विलायती ससा जमिनीखालीं बिळांचें जाळें पसरतो. त्याला बाहेर काढण्यासाठीं तेथील लोक फेरेट पाळतात. हें जनावर दिसावयास मुंगसासारखें लांबट, पण कुळानें पाणमांजराचें आप्त. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं स्ट्रेबो या ग्रीक भूगोलकारानें, स्पेन देशांत सशांच्या बिळांत असेंच एक जनावर सोडीत असल्याचें लिहून ठेविलें आहे. फेरेट या नांवाचा मूळ लॅटिन अर्थच 'चिमुकला चोर' असा आहे.

या चोराला शिकवावयाचें तरी काय? शिकार, असें सहज वाटेल. पण शिकार त्याच्या रक्तांतच असते. शिकवावें लागतें तें परत येणें.

पिलांचे डोळे जन्मानंतर महिन्याभरानें उघडतात. तेव्हांपासूनच पाळणारा त्यांना रोज हातांत घेतो. पिलांचे दात सुईसारखे; खेळतां खेळतां तीं चावतातच. हात झटक्यानें मागें घेतला, तर चावल्यानें हात हटतो हें पिलूं लागलेंच शिकतें. म्हणून हात शांत ठेवावयाचा. पुढें अंगणांत मातीच्या नळ्या मांडून त्यांतून पिलांना धांवावयास लावितात, आणि दुसऱ्या टोंकाशीं खाऊ घेऊन बसतात. तेथेंहि एक पथ्य आहे: पिलूं पुरतें बाहेर येईपर्यंत त्याला धरावयाचें नाहीं. घाईनें झडप घातली, कीं तें तोंडाशींच घुटमळावयास शिकतें, आणि मग खऱ्या बिळापाशीं धन्याला तासन् तास ताटकळावें लागतें.

शरद ऋतूंत दोन-तीन तोंडांच्या लहानशा बिळांत पहिला प्रवेश होतो. प्रत्येक तोंडावर जाळें लावून माणसें निमूट उभीं राहतात. आंतून भुईला धडधड जाणवते आणि ससा जाळ्यांत येऊन पडतो. वसंत ऋतु लागला, कीं हें काम थांबतें. कारण तेव्हां बिळांत सशांचीं पिलें असतात, आणि फेरेट त्यांना मारून तेथेंच पोटभर खाऊन झोपी जातें. आजकाल त्याच्या गळ्यांत विजेचा संदेश देणारा पट्टा असतो. त्यावरून जागा हेरून खणतां येतें.

अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या मनाला हें सारें रुचणें कठीण. परंतु १९५३ सालीं ब्रिटनमध्यें मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग शिरला आणि थोड्याच वर्षांत बहुतेक सारे ससे नष्ट झाले. सुजलेल्या, आंधळ्या डोळ्यांनीं ते शेतांतून चांचपडत मेले. कित्येक शेतकऱ्यांनीं तर पीक वाचविण्यासाठीं तो रोग मुद्दाम पसरविला. त्यापुढें फेरेटवाल्याची शिकार पुष्कळ सौम्य वाटते. तो हवे तेवढेच ससे धरतो, आणि प्रत्येकाचा मृत्यु स्वतःच्या हातावर घेतो.

आणि हा हात नसला तर काय होतें, याचा धडा न्यूझीलंडनें दिला आहे. तेथेंहि ससे माजले म्हणून १८८० नंतरच्या दशकांत फेरेटें आणून रानांत सोडून देण्यांत आलीं. ससे कांहीं संपले नाहींत. पण उडतां न येणाऱ्या किवीसारख्या पक्ष्यांवर मात्र आकाश कोसळलें. अखेर २००२ सालीं तेथें फेरेटांच्या पैदाशीवर व विक्रीवर बंदी आली. जनावर तेंच होतें, दातहि तेच. उणीव होती ती त्याची वाट पाहत बिळाच्या तोंडाशीं बसलेल्या माणसाची.